नखाएवढे आकाश

शुक्रवार, बावीस फेब्रुवारी, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. हवा स्वच्छ, वारा वायव्येचा, मंद. ही नोंद माझ्या हातची आहे. ज्या वहीत ती केली ती वही अजून माझ्याजवळ आहे. साल तिच्या पुठ्ठ्यावर होते, पुठ्ठा गेला. मी सतरा वर्षांचा होतो. मोजणीदार सबनीससाहेबांनी पेन्सिल माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "आधी वेळ लिही. काम जमलं तरी लिहायची, फसलं तरी लिहायची." त्या दिवशी काम आधी फसले आणि मग जमले.

आम्ही तेव्हा कुवेतमध्ये, शुवैखच्या गोदामांमागे, एका दुमजली इमारतीत वरच्या दोन खोल्यांत राहत होतो: अब्बा, अम्मा आणि मी. अब्बांचे नाव हसन. पण रत्नागिरीच्या किनाऱ्यावर आणि पुढे कुवेतमध्येही सगळे त्यांना तांडेल म्हणत, कारण तरुणपणी ते शिडाच्या गलबतावर तांडेल होते आणि सुकाणू त्यांच्या हाती असे. कौले, काथ्या आणि लाकूड घेऊन आमच्या गावची गलबते आखातात येत आणि खजूर भरून परत जात. पुढे इंजिने आली, शिडे उतरली आणि अब्बा एका गोदामात राखणदार झाले. त्यांची चाल मात्र जमिनीची झाली नाही. घरातल्या घरात ते भिंतीला बोटे लावून चालत. जणू भिंत केव्हाही कलेल. मला त्यांनी दहावीनंतर गावाहून बोलावून घेतले आणि स्वतःच्याच गोदामात माल मोजायला लावले. मी दोन वर्षे तो मोजला. त्याविषयी सांगण्यासारखे काही नाही.

घराचा कारभार अम्माचा होता, आणि त्याचा आवाज पाट्याचा होता. तिने गावाहून पाटा-वरवंटा बिछान्यात गुंडाळून बोटीने आणला होता. बंदरावरच्या माणसाने बिछाना उचलून पाहिला, तो हलेना, तेव्हा आत काय आहे असे विचारले. "माझी तब्येत," अम्मा म्हणाली, आणि तो पाटा बघून हसत बाजूला झाला. रोज पहाटे बंदराचा पहिला भोंगा वाजण्याआधी तिचा वरवंटा सुरू होई. खालच्या मजल्यावरचा मिसरी, म्हणजे इजिप्तचा, मेकॅनिक आरंभी वर येऊन तक्रार करी. एकदा अम्माने त्याला सोड्यांचे कालवण आणि तांदळाची भाकरी खाऊ घातली. त्यानंतर पाटा उशिरा वाजला की तो खालून छताला काठी ठोकून विचारी, आज काय झाले. कुवेतचा खुबूस अम्माने कधी घरात येऊ दिला नाही. "ती रोटी नाय, रुमाल हाय," असे ती म्हणे. आज मी कुवेतमध्येच, रुमैथियात, माझ्या मुलाच्या घरी राहतो, रोज खुबूसच खातो आणि तो चांगला असतो. तरी पहिला घास मोडताना रुमाल आठवतो.

त्या हिवाळ्यात किनाऱ्यावर एक नवा रस्ता होऊ घातला होता. समुद्रात भराव घालून किनारा पुढे सरकवला होता, आणि जुना किनारा दीड पुरुष वाळू-मुरुमाखाली गेला होता. एका सरकारी कचेरीने ठरवले की रस्ता होण्यापूर्वी जुन्या जागांची यादी करावी आणि प्रत्येक जागी सिमेंटचा खांब उभारून त्यावर पितळी पाटी लावावी. धक्के, विहिरी, गलबते दुरुस्त करण्याच्या जागा, असे त्या यादीत होते. मोजणीचे काम सबनीससाहेबांकडे आले. ते मूळचे पुण्याचे, वयाने चाळिशीचे, डोक्यावर नेहमी पांढरी टोपी आणि खिशात तीन पेन्सिली. कचेरीने त्यांना सल्ल्यासाठी एक जुना कुवेती नाखुदा दिला होता. त्याला सगळे अबू सालेम म्हणत. तो तरुणपणी स्वतःचे जहाज घेऊन वर्षानुवर्षे मुंबईला जात असे, आणि तिथली हिंदी तो आमच्यापेक्षा झोकात बोले. यादी तयार होत असताना अब्बा एके दिवशी आपणहून त्या दोघांसमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, यात आमचा दगड नाही.

दगडाची हकीकत मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, पण तुकड्यांत. त्या दिवशी अब्बांनी ती सबनीससाहेबांना सलग सांगितली. आमच्या गावची दोन गलबते एकत्र कुवेतला येत. एका वर्षी परतीच्या वाटेवर त्यांतले एक बेपत्ता झाले. त्यावर पाच माणसे होती. त्यांत अब्बांचे थोरले भाऊ दाऊद होते. पुढच्या मोसमात दुसऱ्या गलबताने तळात भार म्हणून नेहमीचे जांभ्याचे चिरे घेतले. त्यांतला एक चिरा अब्बांनी कुवेतच्या किनाऱ्यावर, हरवलेले गलबत जिथे लागत असे तिथे, अर्धा जमिनीत उभा पुरला आणि त्याच्या माथ्यावर पाच खाचा पाडल्या. दोर बांधायला तो सगळ्यांच्याच उपयोगी पडू लागला. कुवेती लोक त्याला तांबडा दगड म्हणत. मग गलबते थांबली, मग भराव आला.

"तांडेल, ही कबर आहे का?" सबनीससाहेबांनी विचारले होते. "तसं असेल तर वेगळं खातं लागेल."

"कबर नाय. कबरीला मानूस लागतो. ही खून हाय, निशानी."

अबू सालेम लांब नळीचा हुक्का ओढत बसला होता. त्याचे म्हणणे असे की हिंदी गलबते सगळी त्याच्या वडिलांच्या धक्क्याला लागत. त्याचे वडील त्यांना पाणी आणि खजूर देत. वेगळ्या दगडाची गरजच नव्हती. आता हिंदी लोक वेगळा दगड सांगू लागले म्हणजे त्याच्या वडिलांचा पाहुणचार खोटा ठरतो. "हसन, मेरे बाप के धक्के पे तूने खाया, और अब पत्थर की बात करता है?" तो म्हणाला. अब्बा म्हणाले, खाल्ले, आणि दोर आपल्या दगडाला बांधला. दोघेही खरे बोलत होते असे मला आज वाटते. त्या वेळी मला फक्त अब्बा खरे वाटत होते.

सबनीससाहेब सरळ माणूस होते. दगड दाखवा, पाटी लावतो, असे ते म्हणाले. नाही दाखवला तर कागदावर काही लिहिता येणार नाही. अब्बा दोन शुक्रवार भरावावर हिंडले. जमिनीवर त्यांना काहीच ओळखीचे नव्हते. पावले मोजत ते एका जागी थांबत, तिथे खणले जाई, खाली वाळू निघे. पुन्हा दुसरीकडे. दुसऱ्या शुक्रवारी चार खड्डे झाले आणि चारही रिकामे निघाले. अबू सालेम खुर्ची टाकून बघत बसे. चौथ्या खड्ड्यानंतर त्याने विचारले, "पत्थर किधर गया, हसन? बंबई वापस तैर गया?" मजूर हसले. अब्बा तिथून निघाले. घरी येऊन ते जेवले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. त्या आठवड्यात गोदामात लोक मला विचारू लागले, तुझ्या बापाचा दगड सापडला का. विचारण्याची रीत अशी की उत्तर त्यांना आधीच ठाऊक असे. आमच्या गावचे जे चार-दोन लोक कुवेतमध्ये होते, तेही म्हणू लागले की तांडेलचे वय झाले. चिरा पुरणाऱ्यांपैकी अब्बा एकटेच हयात होते. त्यांचा शब्द गेला असता तर त्या पाच माणसांचे या किनाऱ्यावर काहीच उरले नसते. शनिवारी सकाळी भरावावर रोलर यायचा होता. राहिला होता तो एक शुक्रवार.

गुरुवारी संध्याकाळी अबू सालेम आमच्या जिन्यावर आला. वर आला नाही, खालूनच ओरडला. "हसन! ज़मीन पे क्या ढूँढता है? तू ज़मीन का आदमी है क्या? कल मेरी लाँच ले। समंदर से देख।" अब्बा उठून खिडकीत गेले आणि खाली वाकले. मग म्हणाले, "तू पण ये. मी हरलो तर जवळून बघ." अबू सालेम म्हणाला, त्यासाठीच येतो. अम्मा आतून म्हणाली, "दोन म्हातारे, एक होडी. युनूस, तू संगती जा, कोन कोनाला ढकलतो ते बघाया." युनूस हे माझे नाव.

अशा रीतीने सहा वाजून दहा मिनिटांनी मी ती नोंद केली आणि लाँचमध्ये चढलो. सबनीससाहेब किनाऱ्यावर भरावाच्या कडेला राहिले. त्यांच्याकडे जुना नकाशा होता आणि त्यावर जुना किनारा अचूक काढलेला होता. तो त्यांनी आदल्या दिवशीच खुंट्या ठोकून भरावावर आखून ठेवला होता. दगड त्या खुंट्यांच्या रांगेवर कुठेतरी असणार, हे नक्की होते. कुठे, ते अब्बांनी सांगायचे होते. त्यांची खूण दोन वस्तूंची होती: किनाऱ्याजवळच्या एका व्यापाऱ्याच्या घरावरचा वारा खेचणारा चौकोनी बुरूज, आणि त्याच्या मागे दूरवर असलेला मशिदीचा मिनार. समुद्रातून येताना हे दोन्ही एकमेकांशी जुळवायचे, तसेच धरून आत यायचे, आणि समोर दगड. जमिनीवरून नव्या गोदामांच्या भिंती आड येत होत्या. समुद्रात अर्धा मैल गेल्यावर गोदामे बुटकी झाली आणि त्यांच्या डोक्यावर बुरूज आणि मिनार दोन्ही दिसू लागले.

अब्बांना सुकाणू हातात घेताना मी तोपर्यंत एकदाच, गावच्या खाडीत, लहान असताना पाहिले होते. अबू सालेमने सुकाणूची जागा सोडली आणि अब्बा तिथे बसले. त्यांची पाठ ताठ झाली, एवढेच लिहितो. डावा हात दांड्यावर, उजवा हात समोर लांब केलेला, अंगठा वर. ते मिनाराकडे पाहत होते आणि लाँच हळूहळू बाजूला सरकत होती. "बस," ते म्हणाले. "टाक." मी दोराला दगड बांधलेला एक रिकामा डबा पाण्यात सोडला. तो जागेवर तरंगत राहिला. मग किनाऱ्याकडे सरळ बरेच आत येऊन पुन्हा, "टाक." दुसरा डबा. तो स्थिर झाल्यावर अबू सालेम म्हणाला, "हाथ अभी भी काँपता नहीं, साला." हे त्याने माझ्याकडे पाहून म्हटले, अब्बांकडे नव्हे.

सबनीससाहेबांनी किनाऱ्यावरून दोन्ही डबे एका रेषेत येतील अशी जागा धरली आणि तीच रेषा मागे भरावावर वाढवली. तांबडे-पांढरे बांबू एकामागे एक उभे राहिले. बांबूंची रांग खुंट्यांच्या रांगेला जिथे छेदून गेली, तिथे त्यांनी फावडे रोवले. हे सारे नऊ वाजेपर्यंत झाले. दोन इराणी मजूर खणू लागले. आम्ही अम्माचा डबा उघडला: सांदणे, आणि सुक्या बोंबलांची चटणी. सबनीससाहेब बोंबील खात नसत. त्यांनी सांदणे साखरेशी खाल्ली आणि ही इडलीची कोण, असे विचारले. अबू सालेमने बोंबील खाल्ला, डोळ्यांतून पाणी काढले आणि आणखी मागितला. अकरा वाजता खड्डा दीड पुरुष खोल झाला. खाली जुन्या किनाऱ्याची काळसर वाळू आणि शिंपल्यांचा चुरा लागला. दगड नव्हता. मजुरांनी पहारीने चारी बाजूंना वीत-वीतभर टोचून पाहिले. काही लागले नाही.

कोणी हसले नाही. ते हसण्यापेक्षा वाईट होते. सबनीससाहेबांनी टोपी काढून पुन्हा घातली. "तांडेल, रेषा चोख आहे. मी दोनदा तपासली. तुमच्या खुणेतच काही चुकत असेल का?" अब्बा म्हणाले, "खून चुकत नाय." "मग दगड हलला असेल." "चिरा हाय तो, खेकडा नाय." मग नमाजची वेळ झाली. अबू सालेम, अब्बा आणि मी गोदामांपलीकडच्या मशिदीत गेलो. तिचाच तो मिनार. वाटेत अबू सालेम म्हणाला, "हसन, मैं बोल दूँगा कचेरी में कि था। मेरे कहने से पाटी लग जाएगी।" अब्बांनी नकारार्थी मान हलवली. "तुझ्या सांगन्यान लावलेली पाटी तुझी. मना दगड पायजे."

मशिदीत माझे लक्ष खुत्ब्याकडे, इमामाच्या प्रवचनाकडे, नव्हते. हे मी कबूल करतो. पुढच्या रांगेतल्या एका माणसाने मांडीवर हात ठेवला होता, आणि त्याच्या अंगठ्याचे नख उन्हाच्या पट्ट्यात चमकत होते. मी त्या नखाकडे पाहत राहिलो आणि मला सकाळचा अब्बांचा अंगठा दिसू लागला. हात लांब, अंगठा वर. मिनार आणि बुरूज नुसते जुळवायचे, तर अंगठा कशाला लागतो? दोन वस्तू एकामागे एक आल्या की डोळ्याला कळते. अंगठा लागतो तो मोजायला. मग गावची खाडी आठवली. खाडीच्या तोंडाशी एक खडक आहे. मी सहा-सात वर्षांचा असताना अब्बांनी मला मांडीवर बसवून होडी आत आणली होती. दर्ग्याचा घुमट आणि मागची टेकडी यांच्यामध्ये नखाएवढे आकाश ठेव, असे ते म्हणाले होते. ते का, हे मी विचारले नव्हते. आता विचारायचे होते. नमाज संपेपर्यंत मी थांबलो. थांबणे मला त्यापूर्वी आणि त्यानंतर कधी इतके जड गेले नाही.

बाहेर चपला घालत असतानाच मी म्हणालो, "अब्बा, सकाळी मिनार बुरुजावर बसवलात, का मध्ये नखाएवढं आकाश ठेवलात?"

अब्बांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी त्यांना तुम्ही श्वास घेता का असे विचारले होते. "ठेवलाव म्हंजे? ठेवायाच लागतो. बसवतो कोन? दगडावर गलबत आपटायचा हाय?"

अबू सालेम एका पायात चप्पल घालून तसाच उभा राहिला. मग त्याने स्वतःच्या कपाळावर इतक्या जोरात हात मारला की जवळचे दोघे वळून पाहू लागले. "या अल्लाह! मैं भी यही करता था। चालीस साल यही करता था!"

ज्यांनी कधी गलबत किनाऱ्याला लावले नाही त्यांच्यासाठी सांगतो. दगड नेमका बुरूज आणि मिनार यांच्या रेषेवर होता. पण कोणताही तांडेल त्या रेषेवरून येत नाही. आला तर गलबताचे नाक दगडावर आदळेल. तो रेषेच्या थोडा बाजूने येतो, म्हणजे दगड बाजूला राहतो आणि दोर टाकता येतो. ती बाजू मोजण्याचे माप म्हणजे नख. हे इतके मुरलेले असते की तो त्याला रेषाच म्हणतो. अब्बांना चुकीचे सांगितले असे वाटलेच नव्हते, कारण त्यांच्या लेखी दुसरी रेषा नव्हती. सबनीससाहेबांनी ती बाजूची वाट अगदी बिनचूक आखली होती. आम्ही गलबत जिथून जात असे तिथे खणले होते.

आम्ही जवळजवळ धावत परत आलो. सबनीससाहेब गाडीच्या सावलीत बसून सामान आवरत होते. मी त्यांना सांगितले. त्यांनी पेन्सिल खाली टाकली आणि मोठ्याने हसले. तो माणूस असा हसतो हे मला ठाऊक नव्हते. "तांडेल, तुम्ही मला रस्ता दाखवलात आणि मी तो घर म्हणून लिहिला! आकाश कोणत्या बाजूला ठेवायचं? आणि दगड तुमच्या कोणत्या हाताला?"

"मिनार उजवीकडं उघडा. दगड डाव्या हाताला. उजवा हात सुकानूवर असतो, डाव्यान दोर टाकायचा."

"सकाळी तर डावा हात सुकाणूवर होता," मी म्हणालो.

"सकाली दोर टाकायाचा नव्हता," अब्बा म्हणाले. "आनि आता खांदा कुरकुरतो."

"किती लांब?"

अब्बांनी डोळे मिटले आणि दोर फेकल्यासारखा डावा हात हलवला. एकदा, पुन्हा एकदा. "नऊ हात. दहा नाय."

टेपचे टोक मला धरायला मिळाले. पोलादी टेप, शंभर फुटी, कातड्याच्या डबीतली. नऊ हातांचे फूट करून सबनीससाहेबांनी आकडा सांगितला, मी बांबूंच्या रेषेशी काटकोनात, समुद्रातून येणाऱ्याच्या डाव्या हाताला, टेप ताणली आणि खुंटी ठोकली. आम्ही सकाळी ज्या खड्ड्यावर निराश झालो होतो तो तिथून इतका जवळ होता की त्यातून काढलेल्या मातीचा ढीग नेमका त्या जागेवर पडला होता. तो आधी उचलावा लागला. अब्बांनी फावडे मागितले. सबनीससाहेब म्हणाले, मजूर आहेत. अब्बांनी फावडे घेतले.

पावणेचारला पहार वाजली. वाळूत पहार लागली की खरखर होते; सिमेंटवर लागली की ठणठण होते. हा आवाज वेगळा होता, बसका आणि ओलसर. जांभा असाच वाजतो. कोकणात घर बांधताना तो आवाज ज्याने ऐकला आहे त्याला दुसरे काही सांगावे लागत नाही. अब्बा खड्ड्यात उतरले आणि हातांनी वाळू बाजूला करू लागले. आधी एक तांबडी कड दिसली. कुवेतमध्ये वाळू पिवळी, दगड पांढरा, माती करडी. असा तांबडा रंग तिथल्या जमिनीत नाही. मग माथा उघडा झाला. दोर घासून त्याला गळ्यासारखी खाच पडली होती. माथ्यावरच्या खाचांत वाळू भरली होती. अब्बांनी ती नखाने खरवडून काढली, एकेक करून.

अबू सालेम खड्ड्याच्या काठावर बसला, मग पांढऱ्या झग्यासकट खाली उतरला. त्याने खाचांवर बोट ठेवून मोजले, आधी अरबीत आणि मग आमच्यासाठी हिंदीत. "एक, दो, तीन, चार, पाँच." मग म्हणाला, "हसन, ये पत्थर मैंने देखा है। मैंने इसको दोर बाँधा है। मैं भूल गया था।" आणि पुढे, "मेरे बाप का धक्का भी था, हाँ?"

"व्हता," अब्बा म्हणाले. "तिथच तर जेवलाव."

मजुरांनी टाळ्या वाजवल्या. आपण कशासाठी वाजवतो हे त्यांना पुरते कळले नसावे, पण दिवसभराचे श्रम वाया गेले नाहीत हे कळले होते. रस्त्याने जाणाऱ्या एका ट्रकवाल्याने काय निघाले म्हणून गाडी थांबवली, मग दुसऱ्याने थांबवली, आणि अर्ध्या तासात भरावावर तीस-चाळीस माणसे गोळा झाली. त्यांत आमच्या गावचेही दोघे होते. त्यांनीच तांडेलचे वय झाले असे म्हटले होते. त्यांनी खाली वाकून पाहिले आणि अब्बांना सलाम केला. अब्बांनी वालेकुम सलाम म्हटले. ते खड्ड्यातून बाहेर आले तेव्हा मी हात पुढे केला. तो त्यांनी धरला. वाळू सपाट होती, भिंत कुठेच नव्हती, आणि ते सरळ चालत गाडीपर्यंत गेले.

सबनीससाहेबांनी यादीत नवी ओळ लिहिली आणि मला वाचून दाखवली: कोकण किनाऱ्याच्या गलबतांचा थांबा, जांभ्याचा चिरा, जागेवर सापडला. मग अब्बांना विचारले की त्या पाच जणांची नावे पाटीवर घालायची का. अब्बा म्हणाले, "नको. नावं आमच्या घरात हायत. हितं खाचा हायत. पुरे." पाटीवर नावे नाहीत. चिरा उचलून सिमेंटच्या खांबाच्या पायाशी, पूर्वीच्याच जागी, वर आणून बसवला. रस्ता त्यासाठी चार फूट सरकला. नकाशात आजही तो तिथे किंचित वाकलेला दिसतो. ते वळण का आहे हे विचारणारा मला कोणी भेटलेला नाही.

तो वाऱ्याचा बुरूज पुढे पडला. मिनार आहे. त्यामुळे समुद्रातून आता कोणाला ती खूण धरता येणार नाही. पाटी आहे, तेवढे पुरे. गेल्या महिन्यात मी नातवाला तिथे घेऊन गेलो. तो बारा वर्षांचा आहे. त्याने पाटी वाचली, चिऱ्याला पाय लावणार होता, मी पाहिले तेव्हा लावला नाही. "दादा, इट्स जस्ट अ रॉक," तो म्हणाला. मी त्याला हात लांब करून अंगठा वर धरायला लावला आणि समुद्राकडे पाठ करून मिनार दाखवला. त्याने एक डोळा मिटला. "व्हॉट अॅम आय मेझरिंग?" हा प्रश्न बरोबर होता. मी त्याला सगळे सांगितले. परतीच्या वाटेवर त्याने मोटारीच्या काचेतून तीन मिनार आणि एक पाण्याची टाकी अंगठ्याने मोजली.

त्या संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा अम्मा जिन्यातच उभी होती. बातमी आमच्याआधी पोचली होती. मिसरी मेकॅनिकने छताला काठी ठोकून ती कळवली होती. "मिळाला काय?" तिने तरी विचारलेच. अब्बा म्हणाले, "युनूसन काढला." मला जन्मात त्यांच्याकडून मिळालेली ही एवढीच शाबासकी, आणि तिला आणखी काही जोडावे असे मला कधी वाटले नाही. अम्माने पापलेट तळले होते. अबू सालेम या वेळी वर आला. त्याने दोन तुकडे खाल्ले, आणि पाटा पाहून तो म्हणाला की हाही दगड कचेरीला दाखवायला हवा. "ह्याला पाटी नको," अम्मा म्हणाली. "ह्याला हात लागतात."

सबनीससाहेब जेवायला थांबले नाहीत. जाताना दारात त्यांनी मला टेप दिली. दिवसभर ती ओल्या वाळूत लोळली होती. "गंज चढेल," ते म्हणाले. "पुसून ठेव. आणि उद्या सकाळी सातला कचेरीत घेऊन ये. टेपही, आणि तूही. माल मोजणारे पुष्कळ मिळतील गोदामाला." पुढची चाळीस वर्षे मी मोजणी केली. मीना अल-अहमदीच्या वाळूत, रस्त्यांवर, बंदरांवर हजारो खुंट्या ठोकल्या. प्रत्येक ठिकाणी, रेषा सांगणाऱ्या माणसाला मी आधी एक प्रश्न विचारला: तू नेमका कुठून पाहत होतास?

पण ते पुढचे. त्या शुक्रवारी, सगळे झोपायला गेल्यावर, मी अम्माकडून रॉकेल आणि जुने फडके घेतले. टेप खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आणि पुन्हा परत अशी पसरली, फुटाफुटाने पुसली, कोरड्या फडक्याने दुसऱ्यांदा पुसली, आणि डबीत गुंडाळून दाराजवळ, माझ्या चपलांवर ठेवली.